जिथून उचलला तिथेच

सोलापूर,
११ सप्टेंबर २०२५

प्रिय अकबरीआपास,
सप्रेम जयभीम.

तू पाय घसरून पडलीस, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तुझ्या लेकाने, अझरुद्दीनने, तुला "थोडे दिवस" म्हणून गाडीत घालून टेंभुर्णीला नेलं, तेव्हा मला वाटलं होतं की पंधरवड्यात भांडायला परत येशील. आता पावसाळा सरत आला. शेजारी भांडायला कुणी नसलं की माणसाची तब्येत बिघडते, हे मला या वयात कळलं.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुला नीट ऐकू येत नाही, मग तुझी सून स्पीकर लावते, आणि मी तुझ्याशी बोलत नसून तुमच्या अख्ख्या बिल्डिंगला भाषण देत असते. त्यापेक्षा पत्र बरं. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, हात अजून चालतो.

आपल्या गल्लीचं काय सांगू? सात रस्ता चौक इतका जवळ, पण सातांपैकी एकही रस्ता सध्या आपल्या दारापर्यंत येत नाही. गणपती बसले, गणपती गेले, मांडव मात्र बसला तो बसलाच. आता म्हणे नवरात्र तोंडावर आहे, मग दिवाळी, मग अध्यक्षांचा वाढदिवस. अध्यक्ष म्हणजे आपला ऋतुराज, ज्याचं नाक मी अंगणवाडीत पुसलं तोच. मंडळाला मी नावं ठेवत नाही. जयंतीला मी स्वतः याच मांडवात माइक सोडत नव्हते, आणि तुझ्या शेखलालभाईंनी हयात असताना उर्साला याचेच खांब रोवले होते. पण तेव्हा कार्यक्रम झाला की मांडव उतरायचा. आता खांब सिमेंटात बसवलेत.

तुझा खजूर मजेत आहे. तू नमाजाचं घर म्हणून कुत्र्याला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस, आणि तोही तुझी शिस्त पाळून अजून ओट्यावरच तुझ्या निळ्या दाराला पाठ लावून बसतो. सकाळी मी त्याला दूध-पाव देते. पाव खातो आणि माझ्याकडे असा बघतो की जणू मीच तुला कुठेतरी लपवून ठेवलंय.

घर जसंच्या तसं आहे. काळजी करू नकोस, लवकर ये.

तुझी,
मनकर्णा


टेंभुर्णी,
१९ सप्टेंबर २०२५

मनूला खूप खूप सलाम.

तुझं पत्र आलं. सुनेने विचारलं, "क्या लिखी है?" मी म्हटलं, तब्येत विचारलीय. मराठी वाचायला तिला कंटाळा येतो. अल्लाचे उपकार.

मी आता वॉकर घेऊन संडासला एकटी जाते. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, हिंडा-फिरायला हरकत नाही. पण हिंडू कुठे? खाली अझरचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, पुढे हायवे. दिवसभर ट्रक बघते. कुठला ट्रक सोलापूरकडे चाललाय हे मला आता त्याच्या तोंडावरून कळतं. इथे सगळे चांगले वागतात गं, वेळेवर गोळी देतात, वेळेवर जेवण देतात. पण मला कुणी काही काम सांगत नाही. परवा मी लसूण सोलायला घेतला तर सुनेने हातातून काढून घेतला. मला घरी यायचंय मनू. माझ्या दारात बसून माझा लसूण मला सोलायचाय.

अझरला रोज म्हणते. तो बिचारा तयारच आहे. पण म्हणतो, "अम्मी, गली बंद है. गाडी दारापर्यंत जात नाही, तुला काय खांद्यावर टाकून नेऊ?" त्याचंही बरोबर आहे. नाक्यापासून घरापर्यंत खडबडीत वाट, वॉकर चालणार नाही. रस्ता मोकळा झाला की त्याच दिवशी सोडतो म्हणालाय. बोललाय म्हणजे सोडणारच, बापावर गेलाय.

तेव्हा आता सगळं तुझ्या हातात आहे. ऋतुराजला माझा निरोप दे. दरवर्षी ईदला माझ्या घरी शिरखुर्म्याचे दोन-दोन वाडगे खायचा तो. पोरगा वाईट नाही. त्याने नाही ऐकलं तर महापालिकेच्या ऑफिसात जा. तुला सरकारी भाषा येते.

खजूरला पाव देतेस ते ठीक, पण दुधात साखर घालू नकोस, त्याला खाज सुटते.

तुझी,
अकबरी


सोलापूर,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय आपास,
सप्रेम जयभीम.

तुझा निरोप ऋतुराजला नवरात्रातच दिला. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, खुर्चीत बसून तो मोबाइलवर स्वतःचाच फोटो बघत होता. म्हणाला, "मावशी, तुमी कशाला टेन्शन घ्यायलाव? रस्ता बंद कुटं हाय? मांडवातनं जावा की! सावली बी मिळतीय." मी म्हटलं, अकबरीला गाडीतून आणायचंय. तर म्हणतो, "मग चाचींना नवरात्र झाल्यावर आणा. न्हायतर दिवाळी झाल्यावर आणा." एकूण तुझ्या खुब्याने मंडळाचं वेळापत्रक बघून बरं व्हायचंय.

मग ऑफिसात गेले. तिथे मला जे ज्ञान मिळालं ते तीस वर्षांच्या नोकरीत मिळालं नव्हतं. पहिल्या टेबलावरचे म्हणाले, "बाई, मांडवाची परवानगी आमी देतो. पण तो काडला का न्हाय ते आमी बगत न्हाय." दुसऱ्या टेबलावर म्हणाले, आवाजाचा त्रास असेल तर पोलिसांकडे जा. पोलीस चौकीत म्हणाले, आवाज आता बंद आहे ना, मग त्रास कसला? परत तिसऱ्या टेबलावर आले. तिथल्या गृहस्थांनी चहा सांगितला, म्हणून मला आशा वाटली. त्यांनी विचारलं, "रस्ता अडलाय याचा पुरावा काय?" मी मांडवाचा फोटो दाखवला. म्हणाले, "हा मांडवाचा फोटो झाला. त्यात अडकलेल्या गाडीचा फोटो आणा." मी म्हटलं, साहेब, गाडी आत शिरूच शकत नाही तर अडकेल कशी? ते शांतपणे म्हणाले, "मग गाडी अडलीच न्हाय की!"

शेवटी मी भिंतीवरचा बोर्ड वाचत बसले. उपद्रव म्हणजे काय, याची मोठी यादी होती: सांडपाणी, धूर, कोंबड्या, भटकी जनावरं. मला जे समजलं ते तुला सोप्या मराठीत सांगते. एका माणसाला त्रास झाला तर ती तक्रार. दहाजणांना झाला तर तो उपद्रव. आणि सगळ्या गल्लीला झाला तर ती परंपरा.

बाकी सगळं ठीक. खजूर अलीकडे जरा कडक झालाय, पण वयाचा परिणाम असेल. घराकडे मी लक्ष ठेवून आहे.

तुझी,
मनकर्णा


टेंभुर्णी,
१४ ऑक्टोबर २०२५

मनू,

सलाम नंतर करते, आधी भांडते.

"जरा कडक झालाय" म्हणजे काय? खजूर ऋतुराजच्या पोटरीला चावला, त्याला इंजेक्शनं चालू आहेत, आणि हे मला तू नाही, अझरने सांगितलं! काल जेवताना म्हणाला, "अम्मी, तुझं कुत्रं पागल झालंय, उचलून नेतील आता." ज्या कुत्र्याने शेपटी ओढणाऱ्या लेकरांवर कधी गुरगुर केली नाही, तो चावला? तू त्याला साखर घातलीस का?

रात्रभर विचार केला. मग दुसरंच सुचलं. अझरला हे कळलं कसं? म्हणे ऋतुराजचा फोन आला होता. ऋतुराजकडे माझ्या मुलाचा नंबर कशाला? आणि त्याला चावायला खजूर मांडवात गेला होता, की ऋतुराज माझ्या ओट्यावर आला होता?

तू दोन्ही पत्रांत लिहिलंस की घर ठीक आहे, वर काळजी करू नकोस म्हणालीस. चाळीस वर्षांत तू मला कधी काळजी करू नकोस म्हणाली नव्हतीस. उलट मी निवांत दिसले की तूच काळजी लावून द्यायचीस.

माझ्या घरात काय चाललंय ते सरळ लिही. मी पडले ते खुब्यावर, डोक्यावर नाही.

अकबरी


सोलापूर,
२८ ऑक्टोबर २०२५

प्रिय आपा,

लिहायला उशीर झाला, कारण धीर होत नव्हता. सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहिते.

तुझ्या घराची चावी ऋतुराजकडे आहे. अझरुद्दीनने दिली. तू गेलीस त्याच महिन्यात तो येऊन देऊन गेला. मंडळाच्या खुर्च्या, ताशे, स्पीकर, सगळं तुझ्या पुढच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं, आणि पुढे तिथे मंडळाचं ऑफिस करायचं असंही बोलणं आहे म्हणतात. मी तुला सांगितलं नाही. तू तिथे खाटेवर पडलेली, वर मुलाबद्दल वाईट कशाला कळवायचं, असं वाटलं. आणि खरं सांगू? तू घर सोडून दिलंस की काय, अशीही शंका मनात आली, आणि ते विचारायची मला भीती वाटली.

पण चावी असूनही त्यांना आत जाता येत नव्हतं. दारात खजूर. पोरं खुर्ची घेऊन ओट्याशी आली की तो उभा राहायचा. भुंकायचासुद्धा नाही, नुसता उभा. पोरं खुर्ची खाली ठेवून मोबाइल बघायला लागायची. शेवटी अध्यक्ष स्वतः पुढे झाले, कुलपाला हात लावला, आणि पोटरी गमावली. चावणं वाईटच गं. मीच त्याची जखम साबणाने धुतली आणि मीच त्याला दवाखान्यात पिटाळलं. पण त्याला म्हटलं, "बाबा, कुत्र्याला तुझं पद म्हाईत न्हवतं."

मग मंडळाने तक्रार केली. मी मांडवासाठी महिनाभर तीन टेबलं झिजवली, यांच्या एका अर्जावर दुसऱ्या दिवशी कुत्री पकडायची गाडी हजर. अर्ज मी वाचलाय. "सदर हिंस्र कुत्रा भर रहदारीच्या सार्वजनिक रस्त्यावर वावरत असून, शेकडो नागरिक व वाहने यांच्या येण्याजाण्यास धोका निर्माण झाला आहे." आपा, भर रहदारी! ज्या गल्लीत सायकल आडवी करून न्यावी लागते तिथे!

जाळी टाकून त्याला नेला. गाडीवर एक बाई होत्या, हेमावती नावाच्या. त्यांनी तुझ्या निळ्या दारासमोर त्याचा फोटो काढला, कागदावर जागा लिहिली. मी विचारलं, परत येईल का? त्या म्हणाल्या, "बगू, डॉक्टर काय म्हणतेत ते." खजूरने जाळीतून एकदा तुझ्या दाराकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मी घरात जाऊन रडले.

त्याच संध्याकाळी तुझं दार उघडलं गेलं. सामान आत गेलं. आणि ओटा मोकळा झाला म्हणून त्यावर फळ्या टाकून मांडवाचं स्टेज तुझ्या दारापर्यंत वाढवलं. आता तुझं दार पडद्यामागे आहे.

माझ्यावर रागव, पण उत्तर लिही.

मनकर्णा


सोलापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आपास,
सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर नाही. रागावली असशील, किंवा लेकाशी बोलली असशील. काहीही असलं तरी हे पत्र वाच, कारण इथे जे घडलं ते मी आणखी कुणाला सांगितलं तर म्हातारीला भ्रम झाला म्हणतील.

खजूर परत आला! कानाला खाच, पोट जरा खपाटीला, पण तोच. डॉक्टरांनी दहा-बारा दिवस पिंजऱ्यात निरखलं, पिसाळलेला नाही म्हणाले, नसबंदी केली (कानाची खाच ही त्याचीच खूण), लस टोचली. आणि नियम काय आहे माहिती आहे? असं कुत्रं जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. शेजारच्या गल्लीत नाही, माळावर नाही. तिथेच. आणि सोडल्याचा फोटो काढायचा, उचललेल्या फोटोसारखा.

आता गंमत ऐक. गाडी आली ती नेमकी बक्षीस समारंभाच्या संध्याकाळी. मंडळाने स्वतःलाच "आदर्श गल्ली" असा पुरस्कार द्यायचं ठरवलं होतं. प्रमुख पाहुणे नाक्यावर गाडी सोडून चिखलातून चालत आले होते, त्यामुळे आधीच खवळलेले. हेमावतीबाई पिंजरा घेऊन मांडवात शिरल्या आणि फोटो हातात धरून निळं दार शोधायला लागल्या. ऋतुराज लंगडत आला. "मॅडम, कुटं बी सोडा की तिकडं लांब!" बाई म्हणाल्या, "कुटं बी कसं सोडू? ह्या कुत्र्याचा पत्ता सरकारी कागदावर हाय. तुमच्या स्टेजचा हाय का?" आणि त्यांनी पडदा बाजूला केला, दार दिसलं, पिंजरा स्टेजवर ठेवला आणि उघडला.

खजूर बाहेर आला. पाहुण्यांच्या खुर्चीला वळसा घातला, त्यांच्या बुटाचा वास घेतला, आणि तुझ्या दाराला पाठ लावून बसला. बाईंनी फोटो काढला. त्या फोटोत खजूर आहे, निळं दार आहे, आणि खुर्चीवर दोन्ही पाय वर घेतलेले प्रमुख पाहुणे आहेत. पुरस्कार कुणी कुणाला दिला ते कळलं नाही, कारण तोवर स्टेजवर खजूरशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मग तो तिथून हलेना. फळीला कुणी हात लावला की उभा. ऋतुराजने पुन्हा अर्ज केला: कुत्रा सार्वजनिक रस्ता अडवून बसला आहे. यावेळी मी हेमावतीबाईंच्या मागे मागे ऑफिसात गेले. त्यांच्या साहेबांनी मंडळाची सगळी कागदं काढली. मांडवाच्या परवानगीत यांनी सहीनिशी लिहिलं होतं की "सदर ठिकाणी रहदारी नाही, कुणाचीही गैरसोय होत नाही." आणि कुत्र्याच्या अर्जात भर रहदारी, शेकडो वाहनं! साहेबांनी ऋतुराजला विचारलं, "अध्यक्ष, एक काय ते ठरवा. रस्ता आसंल तर मांडव काडा. रस्ता नसंल तर कुत्र्यानं काय अडवलं?" ऋतुराजने दोन्ही कागद उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "साहेब, इचार करून सांगतो." साहेब म्हणाले, "रस्ताच ऱ्हाऊ द्या. कागदावर शेकडो वाहनं तुमीच आणलीत, आता ती परत कुटं पाटवू?"

म्हणजे बघ, तुझ्या खुब्यासाठी जो रस्ता उघडला नाही तो कुत्र्याला त्याची जागा मिळावी म्हणून उघडला. मांडव उतरला. सिमेंटातले खांब पहारीने काढले. कुत्र्याला घाबरून पोरांनी तुझ्या खोलीतलं सामान मागच्या खिडकीतून बाहेर घेतलं. चावी ऋतुराजने माझ्या हातात आणून दिली, तोंड लहान करून. पोरगा वाईट नाही, हे तुझं म्हणणं मी सध्या तात्पुरतं मान्य करते.

मी पुन्हा तक्रार झाली तर काय, असंही विचारून घेतलं. हेमावतीबाई म्हणाल्या, एकदा रीतसर सोडलेलं कुत्रं उगाच परत उचलता येत नाही. त्याला नवी तक्रार लागते, आणि ती खरी आहे का ते बघावं लागतं.

गल्लीत काल रिक्षा आली. दारापर्यंत! लोक बघायला बाहेर आले.

आता अझरुद्दीनला सांग, रस्ता मोकळा आहे.

तुझी वाट बघणारी,
मनकर्णा


टेंभुर्णी,
२३ नोव्हेंबर २०२५

प्यारी मनूला सलाम.

तुझ्यावर रागावले नव्हते. रागवायला ज्याच्यावर हवं होतं त्याच्याशी बोलायचं धाडस होत नव्हतं. तुझं मागचं पत्र मी उशीखाली ठेवून अठरा-वीस रात्री काढल्या. पोटचा पोर हसून गोळी देतो, पाणी देतो, आणि चावी दुसऱ्याला देऊन आलेला असतो. कसं विचारायचं गं?

हे पत्र आलं आणि मी विचारलं. सगळे जेवायला बसले होते. मी म्हटलं, अझर, गली खुल गई. रिक्षा दारापर्यंत जाते. कधी सोडतोस? त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "अम्मी, पाव फिसलेगा फिर से." मग म्हणाला, थंडी संपू दे. मग म्हणाला, घर बंद ठेवून काय उपयोग, म्हणून मंडळाला देत होतो. शेवटी खरं ते बोलला, "अम्मी, वां है कौन तुमारा?"

मनू, मी चिडणार होते. पण त्याच्याकडे बघितलं तर डोळे भरलेले. पोरगा लबाड नाही, घाबरलेला आहे. मी पडले त्या दिवशी मला तासाभराने कुणीतरी उचललं, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. त्याला वाटतं, आईला नजरेसमोर ठेवली, वेळेवर जेवण दिलं, की झालं. पिंजऱ्यातही वेळेवर जेवण देतात.

मग मी तुझं पत्र काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. कुत्र्याचा नियम. सगळा. मोठ्याने वाचला, स्पीकरची गरज पडली नाही. म्हटलं, बेटा, तू मला उचललंस ते चांगल्यासाठी, त्यात मला शंका नाही. दवापाणी केलंस, हाड जुळवलंस. पुढचं नियमात काय लिहिलंय ते तूच वाच. सून हसायला लागली. आणि हसता हसता तिनेच पुढचं वाक्य वाचलं. अझर पाणी प्यायला, उठला, आणि माझं वॉकर गाडीत बसतं का ते बघायला खाली गेला.

पुढच्या रविवारी येतेय. अझर म्हणतो, अम्मी, महिनाभर राहून बघ, नाही जमलं तर मी परत घेऊन येईन. मी म्हटलं, खुशाल ये. पण एकदा सोडलेल्याला परत उचलायला तक्रार लागते, आणि माझी तक्रार करायला आता तुला मनकर्णाची सही आणावी लागेल.

तुझी,
अकबरी